जुन्या पेट्रोल जीप आणि पिकअपचं इग्निशन टायमिंग: हरिकेन इंजिनसाठी

उंच बॉनेटची जुनी महिंद्रा जीप, तिच्यावर बांधलेली पिकअप, किंवा केबिन पुढे असलेली एफसी-१५० यांच्यात मूळचं पेट्रोल इंजिन शाबूत असेल, तर ते बहुधा विलीजचं हरिकेन एफ-१३४ असतं. चार सिलिंडर, २१९९ सीसी, इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये. या वरच्या व्हॉल्व्हमुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी सीजे-३बीचं बॉनेट उंच करावं लागलं. अमेरिकेतल्या विलीज पिकअपमध्येही १९५० पासून हेच इंजिन आलं, म्हणून खालचे आकडे त्या गाड्यांनाही चालतात. जुन्या महिंद्रांपैकी पुष्कळ गाड्यांत मागाहून डिझेल इंजिन बसवलेलं असतं. तिथे डिस्ट्रिब्यूटरच, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भागच, नसतो आणि पंपाचं टायमिंग हा निराळा विषय आहे.

मूळ ऑटोलाइट डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाडीसाठी हे आकडे कागदावर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवून ठेवा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. सीबी पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधल्या करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचा, गॅप ०.५० मिमी, म्हणजे वीस थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहतात तेवढा डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टचा कोन, ४२ अंश. प्लगचा गॅप ०.७५ मिमी, म्हणजे तीस थाउ. आयडलिंग ६०० आरपीएम. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, टीडीसीच्या (पिस्टन सिलिंडरमध्ये अगदी वर पोहोचतो त्या जागेच्या) ५ अंश आधी, हे अंश क्रँकचे.

डिस्ट्रिब्यूटरची बॉडी फिरवणं हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. गाडीला पिकअप नाही म्हटलं की क्लँप सैल करून बॉडी इकडेतिकडे फिरवायची आणि कानाला बरं वाटेल तिथे आवळायची, ही सवय फार जुनी आहे आणि या इंजिनांचं बरंच नुकसान तिनेच केलं आहे. पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. त्यामुळे पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग ॲडव्हान्स होतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. गॅप कमी झाला तर रिटार्ड, म्हणजे उशिरा. ड्वेल एका अंशाने हलला की क्रँकवर टायमिंग साधारण एका अंशाने हलतं. आज अचूक टायमिंग लावलं आणि उद्या पॉइंट साफ करून गॅप नव्याने लावला, तर आजचं काम वाया गेलं. म्हणून आधी प्लग आणि पॉइंट, मग टायमिंग, त्यानंतर कार्बोरेटर. हा क्रम उलटा करू नका.

सामान फार लागत नाही. फीलर गेज, बारीक डिसमिस, क्लँपच्या बोल्टला बसेल तो पाना, प्लगचा पाना, वायरींना चिमटे लावलेला बारा व्होल्टचा पाच वॉटपर्यंतचा छोटा बल्ब, पांढरा खडू किंवा व्हाइटनर, बारीक पॉलिश पेपर आणि स्वच्छ फडकं. टायमिंग लाइट असेल तर उत्तम. गाडी अजून सहा व्होल्टवर असेल, तर टेस्ट लॅम्पला सहा व्होल्टचा बल्ब घ्या आणि टायमिंग लाइटला वेगळी बारा व्होल्टची बॅटरी जोडा.

गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा. एफसीचं इंजिन केबिनमध्येच दोन सीटांच्या मधे झाकणाखाली असतं, त्यामुळे तिथे काम करताना दोन्ही दारं सताड उघडी हवीत. इंजिन चालू करून पाहायची वेळ आली की गाडी शेडच्या बाहेर काढा. सायलेन्सरची गॅस्केट फुटकी असेल तर धूर थेट तोंडावर येतो.

पॉइंटपासून सुरुवात

बॅटरीची एक वायर काढा. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढायच्या आधी एक नंबरच्या वायरच्या बरोबर खाली बॉडीवर खडूची खूण करा. ही खूण पुढे दोनदा कामाला येईल. कॅप आतून पुसून उजेडात धरा. दोन टोकांमध्ये पेन्सिलच्या रेघेसारखी काळी बारीक रेघ दिसली तर कॅपला तडा गेला आहे आणि तिथून करंट पळतो. अशी कॅप बदला, घासून ती सुधारत नाही.

कॅपखालचा फिरणारा तुकडा, म्हणजे रोटर, काढला की पॉइंट दिसतात. एका पॉइंटवर टेकडी आणि समोरच्यावर खड्डा तयार झाला असेल, तर फीलर गेज तिथे खोटं बोलतं. पाती टेकडीच्या माथ्यावर टेकते, वीस थाउ दाखवते, पण खरं अंतर त्याहून जास्त असतं. थोडीच टेकडी असेल तर पॉलिश पेपरने काढा, जास्त असेल तर पॉइंट नवे घाला आणि सोबत कंडेन्सरही बदला, कारण धातू असा एका बाजूला साचतो त्यामागे बहुधा कंडेन्सर असतो. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसल्याशिवाय बसवू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी पॉइंट जळून काळे पडतात.

आता शाफ्टवरच्या कॅमचं टोक पॉइंटच्या फायबरच्या टाचेखाली येईपर्यंत इंजिन फिरवा. चारही प्लग काढले असतील तर हँडलने किंवा फॅनबेल्ट दाबून इंजिन सहज फिरतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला वेढा घालून धरू नका. इंजिनने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा निखळतो. टाच कॅमच्या टोकावर असताना गॅप लावा, वीस थाउची पाती हलक्या घर्षणाने सरकली पाहिजे. स्क्रू आवळला की पॉइंट किंचित हलतात, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. मग चारही टोकांवर मोजून पाहा. एका टोकावर अठरा आणि दुसऱ्यावर बावीस-तेवीस आलं, तर शाफ्टचा बुश झिजला आहे. शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवा. हाताला खडखड जाणवली तर बुश बदलेपर्यंत टायमिंग कधीच स्थिर राहणार नाही, लाइटखाली खूण नाचत राहील.

कॅमला काडीच्या गुलाएवढं ग्रीस पुरे. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर जातं. रोटरखालच्या नमद्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा.

गाडीवर मूळ डिस्ट्रिब्यूटर नसून मागाहून लुकासचा २५डी जातीचा बसवलेला असेल, तर वीस थाउ विसरा. त्याचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आणि ड्वेल ६० अंश. गॅप डिस्ट्रिब्यूटरप्रमाणे ठरतो. टायमिंगचे ५ अंश मात्र इंजिनचे आहेत, ते तेच राहतात.

खूण शोधणं

जुन्या इंजिनांत टायमिंगची खूण फ्लायव्हीलवर असते आणि ती बेल हाउसिंगजवळच्या लहान खिडकीतून दिसते. नंतरच्या इंजिनांत पुढे क्रँक पुलीवर खाच आणि टायमिंग कव्हरवर रेघा असतात. चाळीस-पन्नास वर्षांचा चिखल आणि तेल तिथे साचलेलं असतं, त्यामुळे खूणच नाही असं वाटतं. रॉकेलने घासून काढा, मग खाचेत खडू भरा. ५ अंशांच्या रेघेलाही वेगळा पांढरा ठिपका द्या, लाइटखाली दोन रेघांची गल्लत फार लवकर होते.

फक्त टीडीसीची खूण उरली असेल तर ५ अंश स्वतः आखता येतात. पुलीच्या कडेला सुतळी गुंडाळून परीघ मोजा आणि ७२ने भागा. परीघ ४५ सेंमी आला तर ५ अंश म्हणजे सव्वासहा मिमी. ही नवी रेघ पुलीवरच्या खाचेच्या पुढे मारायची, म्हणजे समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. इंजिन त्याच दिशेने फिरतं, त्यामुळे ही रेघ खाचेच्या आधी कव्हरवरच्या टीडीसीच्या खुणेपाशी पोहोचते. पुली दुसऱ्या इंजिनची बसवलेली असण्याची शक्यता असते, म्हणून फ्लायव्हीलची खिडकीही उघडत असेल तर दोन्ही खुणा एकाच वेळी टीडीसीवर येतात का ते एकदा ताडून पाहा.

चार स्ट्रोक इंजिनात ही खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते: एकदा एक नंबर कॉम्प्रेशनवर असताना, एकदा चार नंबर. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन हळूहळू फिरवा. हवा अंगठा उचलायला लागली की कॉम्प्रेशन सुरू झालं. तिथून पुढे ५ अंशांच्या खुणेवर थांबा. रोटर आता खडूच्या खुणेकडे, म्हणजे एक नंबरच्या वायरकडे पाहत असला पाहिजे.

खूण ओलांडून पुढे गेलात तर तेवढंच मागे आणून थांबू नका. इंजिन पाव फेरी मागे न्या आणि पुन्हा पुढच्या दिशेनेच खुणेवर आणा. डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट ऑइल पंपाच्या शाफ्टमधल्या खाचेतून फिरतो आणि ऑइल पंप कॅमशाफ्टवरच्या गियरवरून. या प्रत्येक जोडात थोडी ढिलाई असते. उलट्या दिशेने फिरवून खुणेवर आणलं तर ती सगळी ढिलाई टायमिंगमध्ये मिसळते.

दिव्याने टायमिंग लावणं

बॅटरीची वायर पुन्हा जोडा. टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलच्या त्या टर्मिनलला लावा जिथून डिस्ट्रिब्यूटरकडे वायर जाते, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. इग्निशन चालू करा. पॉइंट बंद असताना करंट त्यांच्यातून अर्थ होतो आणि दिवा विझलेला राहतो. पॉइंट उघडले की दिवा लागतो. दिवा ज्या क्षणी लागतो, तोच ठिणगीचा क्षण.

आधी रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते पक्कं करा. मूळ डिस्ट्रिब्यूटरमध्ये वरून पाहताना तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. तरी कॅप काढून हँडलने इंजिन थोडं फिरवा आणि डोळ्यांनी पाहा, कारण बदललेल्या डिस्ट्रिब्यूटरची खात्री देता येत नाही. बॉडी रोटरच्या दिशेने फिरवली की टायमिंग रिटार्ड होतं, रोटरच्या विरुद्ध फिरवली की ॲडव्हान्स. एवढं डोक्यात बसलं की कुठल्याही गाडीवर गोंधळ होत नाही.

इंजिन ५ अंशांच्या खुणेवर आहे. क्लँपचा बोल्ट इतकाच सैल करा की बॉडी हाताने फिरेल पण सोडल्यावर जागची हलणार नाही. बॉडी रोटरच्या दिशेने फिरवून दिवा विझवा. रोटर बोटाने त्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेला हलकाच दाबून धरा, म्हणजे ढिलाई निघून जाते. आता बॉडी विरुद्ध दिशेने अगदी सावकाश फिरवा आणि दिवा लागताक्षणी थांबा. क्लँप आवळा.

इथे हात हलका हवा. क्रँकचे ५ अंश म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचे फक्त अडीच. सत्तर मिमी व्यासाची बॉडी असेल तर तिच्या कडेवर हे अंतर जेमतेम दीड मिमी भरतं. मनगटाने फिरवलं तर हमखास पुढे जातं. बॉडीला डिसमिसच्या मुठीने हळूच टकटक करत सरकवा.

मग खात्री करा. इंजिन पाव फेरी मागे नेऊन पुन्हा पुढे आणा आणि दिव्याकडे पाहा. खूण ५ अंशांवर येते त्याच क्षणी दिवा लागला पाहिजे. बोल्ट आवळताना बॉडी थोडी ओढली जाते, म्हणून ही तपासणी टाळू नका. मधेमधे इग्निशन बंद करत जा. पॉइंट बंद असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते, आणि हात लावून पाहिलं तर ते कळतं.

दिवा कधीच लागत नसेल तर पहिल्यांदा कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलला करंट येतोय का ते त्याच दिव्याने पाहा. तिथे आहे आणि डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूला कधीच नाही, तर कुठेतरी वायर बॉडीला अर्थ होते आहे. पॉइंट बसवताना फायबरचा वॉशर चुकीच्या बाजूला गेला, पॉइंटची पत्ती बॉडीला घासते आहे, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला, या तिघांपैकी एक कारण सापडतं. कंडेन्सरची वायर सोडून पाहा. दिवा लागला तर चोर तोच. उलट दिवा विझतच नसेल, तर पॉइंट मळलेले आहेत, आतली छोटी वायर वेष्टणाच्या आत तुटली आहे किंवा डिस्ट्रिब्यूटरला नीट अर्थ मिळत नाही. ही आतली वायर बाहेरून धडधाकट दिसते, ओढली की रबरासारखी लांबते.

टायमिंग लाइटने तपासणी

प्लग आणि वायरी परत लावा. कॅपवर वायरींचा क्रम रोटरच्या दिशेने १-३-४-२ असतो. घड्याळाच्या काट्यांच्या सवयीने उलट्या दिशेने लावल्या तर एक आणि चार बरोबर बसतात, पण दोन आणि तीन यांची अदलाबदल होते. मग इंजिन दोनच सिलिंडरवर थरथरत चालतं आणि कार्बोरेटरमधून फटाके वाजतात. टायमिंग बिघडलं असं वाटून पुन्हा बॉडी फिरवायच्या आधी या दोन वायरी बघा.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि आयडलिंग ६०० आरपीएमवर आणा. आयडलिंग जास्त असेल तर वेगाबरोबर टायमिंग ॲडव्हान्स करणारी डिस्ट्रिब्यूटरमधली वजनं आधीच उघडायला लागतात आणि लाइट जास्त ॲडव्हान्स दाखवते. मूळ डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्यूमची नळी नसते. बदललेल्या डिस्ट्रिब्यूटरला असेल तर ती काढून कार्बोरेटरकडचं तोंड बंद करा. लाइटचा चिमटा एक नंबरच्या वायरला लावा आणि खुणेवर झोत टाका.

लाइटच्या झोतात फिरणारा पंखा थांबल्यासारखा दिसतो. डोळ्याला तो स्थिर वाटतो आणि हात आपसूक पुढे जातो. गळ्यातला पंचा, सैल बाही, लाइटची लोंबणारी वायर यांतलं काहीही पंख्याजवळ नको.

पुलीची खाच ५ अंशांच्या रेघेवर स्थिर दिसली पाहिजे. ती अजून त्या रेघेपर्यंत पोहोचायची आहे असं दिसलं तर ठिणगी लवकर पडते आहे, बॉडी किंचित रोटरच्या दिशेने घ्या. खाच रेघेच्या पुढे टीडीसीकडे सरकलेली दिसली तर उलट करा. दिव्याने नीट लावलेलं असेल तर इथे एखाद्या अंशापेक्षा जास्त फरक पडत नाही. तीन-चार अंशांचा फरक आला तर वजनांच्या स्प्रिंग ढिल्या आहेत किंवा शाफ्ट झिजला आहे, असं धरा.

लाइटचा खरा उपयोग पुढे आहे. इंजिनला सावकाश रेस द्या. वेग वाढेल तशी खाच गुळगुळीतपणे ॲडव्हान्सच्या बाजूला सरकत गेली पाहिजे आणि रेस सोडली की लगेच जागेवर आली पाहिजे. खाच हलतच नाही, तर वजनं जुन्या ग्रीसमध्ये चिकटली आहेत. अशी गाडी आयडलिंगला बिनचूक असते पण टॉप गिअरला दम टाकते. खाच पुढे जाऊन परत येत नसेल तर स्प्रिंग तुटली किंवा निसटली आहे. या दोन्ही दोषांवर लोक बॉडी फिरवून उपाय करतात, आणि मग आयडलिंगला टायमिंग चुकतं आणि वेगातही चुकतंच. डिस्ट्रिब्यूटर उघडून वजनं धुणं हाच उपाय आहे.

रस्त्यावर

लांब, सौम्य चढ निवडा. टॉप गिअरला तीसच्या आसपास वेग असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टिनाच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखा किणकिणाट आला आणि टिकून राहिला तर टायमिंग पुढे, म्हणजे जास्त ॲडव्हान्स आहे. एक-दोन अंश मागे घ्या आणि पुन्हा पाहा. तो आवाज ऐकत वरंध्यासारखा घाट चढू नका, पिस्टन आणि हेड गॅस्केट त्याची किंमत देतात. हे कमी कॉम्प्रेशनचं इंजिन आहे, आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलवर ५ अंशांना ते ठोकायला नको. तरीही ठोकत असेल तर आत साचलेला कार्बन, पातळ मिक्स्चर किंवा तापलेलं इंजिन यांचा शोध घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मिक्स्चर आणखी पातळ होतं, त्याची दुरुस्ती कार्बोरेटरच्या जेटकडे असते.

टायमिंग मागे राहिलं तर आवाज येत नाही, म्हणून ते जास्त दिवस खपून जातं. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते, चढावर पाणी तापतं, सोडलेल्या ॲक्सिलरेटरवर सायलेन्सरमध्ये फटफट होते. जळण उशिरा सुरू झाल्याने ज्वाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चालू राहते, आणि या इंजिनात तो व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने सगळी उष्णता ब्लॉकच्या पाण्यात उतरते. रेडिएटर दोनदा धुऊनही जीप तापते आहे, अशी तक्रार असेल तर टायमिंग लाइट लावून पाहा. सुरू करताना हँडल उलटं मारत असेल किंवा गरम इंजिनवर स्टार्टर अडखळत असेल, तर मात्र टायमिंग बहुधा पुढे आहे.

ऑइल पंप काढून परत बसवला असेल तर हे सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टची जीभ मधोमध नसून एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर स्वतः चुकीचा बसूच शकत नाही. पण पंपाचा गियर एक दात इकडेतिकडे बसला की रोटर भलतीकडे पाहतो आणि बॉडी फिरवायला जागाच उरत नाही, ती ब्लॉकला अडते. अशा वेळी वायरी सरकवून वेळ मारून नेता येते, इंजिन चालतं. तरी पंप पुन्हा काढून दात बरोबर बसवा. पुढच्या वेळी बॉनेट उघडणारा माणूस एक नंबरची वायर तिच्या ठरलेल्या जागीच शोधणार आहे.

नवे पॉइंट घातल्यावर आठशे ते हजार किलोमीटरनंतर गॅप एकदा पुन्हा मोजा. नवी फायबरची टाच सुरुवातीला लवकर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं. गॅप परत वीस थाउला आणला की बहुतेक वेळा ५ अंशांची खूणही आपोआप जागेवर येते, बॉडीला हात लावावा लागत नाही.